न आलेल्या नारळांच्या गावाला

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं अगोदर न येता पाय अगोदर आले. अशा माणसाला जमिनीतलं पाणी कळतं असं आमच्या खानदेशात म्हणतात, आणि मला ते कळतं, या भरवशावर मी चाळीस वर्षं पाणाड्याचं काम केलं. उंबराची बेचक्याची काठी दोन्ही मुठींत धरायची आणि अनवाणी रानातून चालायचं. एका ठिकाणी तळपायाला मुंग्या येतात, काठीचं टोक कोणीतरी खाली ओढल्यासारखं झुकतं. तिथे चुन्याची खूण करायची, की आपलं काम संपलं. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, तीही अर्धी. लिहिण्यात कुठे वेडंवाकडं झालं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. जे पाहिलं ते मात्र सरळ सांगतो.

आमच्या कामात पैसा घेत नाहीत. विहिरीला पाणी लागलं की तिच्या धन्याने पहिल्या पाण्याचा तांब्या आणि एक नारळ पाणाड्याच्या घरी पोचवायचा, एवढीच रीत. नारळ फोडून मी गल्लीत वाटायचो आणि शेंडी ठेवून घ्यायचो. धरणगावाजवळ माझ्या घरी देवघराच्या आढ्याला या शेंड्यांची माळ टांगलेली आहे. ती लांबून जमिनीला टेकली, तेव्हा दोन वेळा वर गुंडाळली. आलेल्या पाहुण्याला मी चहाच्या आधी माळ दाखवतो. माझ्या स्वतःच्या विहिरीचं पाणी चैत्रात मचूळ होतं हे खरं, पण ती वडिलांच्या वेळची आहे. तिचा दोष माझ्याकडे येत नाही.

काही गावांहून नारळ आले नाहीत. पाणी प्यायला मिळालं की पाणाड्या कोणाला आठवतो, असं मी म्हणायचो. विचारायला कधी गेलो नाही. विसरलोही नाही.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ-दहा दिवस असताना भाच्याचं, प्रकाशचं, कार्ड आलं. माझी थोरली बहीण, अक्का, दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. प्रकाश तिचा मुलगा. त्याने लिहिलं होतं, “मामा, गावात बोअरची गाडी येणार आहे. आई म्हणते, जागा तुम्हीच दाखवायची. लवकर या.” मला जरा राग आला. वीस वर्षांपूर्वी अक्काच्या शेतात मीच विहिरीची जागा दाखवली होती. तिचा नारळ आला तो सगळ्यांत मोठा. त्याची शेंडी माळेत सर्वांत वर, देवाच्या डोक्याशी आहे. माझी विहीर असताना बोअर कशाला? पण बहिणीचा शब्द. उंबराची नवी काठी तोडली आणि निघालो.

धरणगावाहून पॅसेंजरला बसलं की सरळ दोंडाईचा. शहाणा माणूस तसाच जाईल. मी एस.टी.ने पारोळ्यावरून, धुळ्यावरून, वाकड्या वाटेने गेलो. त्या वाटेवर नारळ न पाठवणारं एक गाव होतं. म्हटलं, आता वय झालं, एकदा तोंडावर विचारून घ्यावं.

पारोळ्याच्या अलीकडे

गाडीत कंडक्टर दांड्याला धरून वाकडा उभा होता. कमरेत उसण भरलेली. तिकीट फाडताना ‘आई गं’ म्हणत होता. पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते, हे त्याला ठाऊक होतं, पण पायाळू माणूस त्याच्या गाडीत बसलाय हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. गाडी चहाला थांबली तसा तो हॉटेलच्या बाकड्यावर पालथा पडला, आणि मी जोडा काढून त्याच्या कमरेवर उजवा पाय तीनदा ठेवला.

ड्रायव्हर बशीतला चहा फुंकत म्हणाला, “आबा, दोन लाथा माझ्याकडून पण द्या. रोज डबल बेल उशिरा देतो.”

सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती. कंडक्टर उठला, पुढे वाकला, मागे वाकला आणि हसला. “उतरली हो!” माझ्या तिकिटाचे पैसे मात्र त्याने पुरते घेतले. मला काही वाटलं नाही. छाती फुगवून फाट्यावर उतरलो. आपल्या पायात काहीतरी आहे, याचा दाखला सकाळीच मिळाला होता.

फाट्यापासून अर्धा कोस आत उखाभाऊचं घर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला बघितल्यावर तो खाटेवरून उडालाच.

“या आबा, या! सूर्य कोनीकडे उगना आज?”

मी नारळाचं बोलणार होतो, पण त्याच्या बायकोने पाय धुवायला पाणी आणलं, पाटावर बसवलं, आणि पुढ्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, घोटलेली वांग्याची भाजी, लाल मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा ठेवला. असं जेवण समोर असताना भांडण सुरू करणं मला जमत नाही. ती बाई दर खेपेला “आबा, आखो अर्धी” म्हणत पूर्ण भाकरी वाढायची. तिसरी संपल्यावर मी म्हटलं, “उखाभाऊ, आते तुन्ही इहिरनं पानी पाज.”

त्याने बायकोकडे बघितलं. “आबा, ऊन शे. सांजले जाऊत.”

“मी उन्हाला भीत नाही,” म्हणत मी चालायलाच लागलो. तो मागून रुमाल बांधत आला.

विहीर होती. तिच्यात काठापर्यंत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, रचलेल्या होत्या. वर एक सरडा बसला होता.

“सहा परस खंदं आबा,” उखाभाऊ हळू म्हणाला. “मंग काया दगड लागना.” परस म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढी खोली.

“आणखी दोन परस जायचं होतं!” मी ओरडलो.

“हां आबा.”

“तुझ्या माणसांनी जागा सोडून बाजूला खणलं असेल.”

“व्हई आबा.”

मी जे म्हणेन त्याला तो हो म्हणत होता. शेवटी मी विचारलं, “माले सांगं काब्र नही?”

“तुम्ही भर उनमा पायी फिरी फिरी जागा दाखाडी. आम्हना चहाबी पिन्हात नहीत. आते कोन्या तोंडे सांगू, पानी लागनं नही म्हनीसन?”

निघताना तो दुकानात पळाला आणि एक नारळ आणून माझ्या पिशवीत घालायला लागला. म्हणाला, पाणी नाही लागलं तरी पायपीट झालीच ना. मी नारळ काढून त्याच्या हातात परत दिला. “कोरड्या विहिरीचा नारळ मी घेत नाही!” हे वाक्य मी फार ताठ मानेने बोललो. ते लक्षात ठेवा.

धुळे

धुळ्याच्या जुन्या वस्तीत रहेमानभाई राहतो. तीस वर्षं मी जागा दाखवायचो आणि खालचा दगड तो सुरुंगाने फोडायचा. त्याचा डावा कान त्यातच गेला. संध्याकाळी त्याच्या दारापुढच्या खाटेवर आम्ही दोघं बसलो. त्याच्या घरून चहा आणि जाड खारी आली. आमच्याकडे खारी चहात बुडवून खातात. तो आधी खारी खातो आणि मग चहा पितो. या गोष्टीवरून आमचं तीस वर्षं पटलेलं नाही.

उखाभाऊची हकीकत मी त्याच्या उजव्या कानाशी ओरडून सांगितली. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

“गिरधरभाई, एक बात बोलू? बुरा नको मानू. सूखे कुवे का नारियल कोई भेजता है क्या? जिसका पानी लगा वो तुम्हारे दरवाजे आया. जिसका नहीं लगा वो अपने घर में बैठा. तुमने उसका घर देखा कब?”

मी खारी खाली ठेवली. “तू तर बरोबर होतास. किती कोरड्या गेल्या?”

तो गल्लीतल्या बकरीकडे बघत बसला. “आधे.”

“अर्ध्या?”

“आधे से थोडे कम. खुश?”

“मग तीस वर्षं बोलला का नाहीस?”

“मेरा धंदा पत्थर का. पत्थर तो हर कुवे में लगा!” असं म्हणून तो आपल्याच बोलण्यावर इतका हसला की त्याची बायको आतून विचारायला आली.

मला हसू आलं नाही. मी विचारलं, “मग पायाला मुंग्या येतात, काठी फिरते, ते खोटं? आज सकाळी कंडक्टरची कंबर सुटली, ते खोटं?”

“झूठ कौन बोला? काठी फिरती, मैंने अपनी आँख से देखी. पर सुरुंग की वात को आग लगाते वक्त मेरा हाथ भी काँपता था. हाथ के अंदर कुछ तो रहता है, गिरधरभाई. जमीन के अंदर क्या है, वो अलग बात है.”

सुरुंगवाल्याने मला जमिनीबद्दल शिकवावं, याचा मला फार राग आला. मी म्हटलं, “उद्या अक्काकडे जातोय. ती विहीर तूच फोडलीस. तिथलं पाणी तरी आठवतंय ना?”

तो किटलीकडे वळला. मग माझा कप त्याने भरला. “अक्का को सलाम बोलना. चाय पियो.”

दोंडाईचा आणि पुढे

दोंडाईच्याला उतरलं की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. मिरचीचा खकाणा हवेत असतो. मी तीन वेळा शिंकलो. टांगेवाला म्हणाला, “नवीन माणूस पाचदा शिंकतो, तुम्ही जुने दिसता.” ऊन असं होतं की घोड्याच्या डोक्यावरही त्याने कडुनिंबाचा डहाळा बांधला होता.

अक्का धाब्यावर होती. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. त्यावर धोतरं अंथरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे एक तऱ्हेचे पापड, वाळत घातले होते. वयाची पंचाहत्तरी उलटलेली बाई हातात काठी घेऊन कावळ्यांच्या मागे पळत होती. मला बघून तिने वरूनच हाक मारली.

“ऊना का रे गिरधर! पह्यले आठे ई कावया हाकल, मंग पाय धू.”

तर मी आधी कावळे हाकलले. मग तिच्या बिबड्यांना नावं ठेवली, कारण आमच्याकडे ते जाड असतात आणि हिचे पातळ. ती म्हणाली, सासर इकडचं आहे, बिबडे सासरसारखेच होणार. मग आमरस आणि खापरावरची पुरणपोळी झाली. खाली बसून रांजणातलं पाणी प्यायलो. गार, गोड.

“माझ्याच विहिरीचं ना?”

“पी गुपचूप. पानीले नाव इचारू नको.”

प्रकाश चाळिशीचा, दोंडाईच्याला शाळेत मास्तर आहे. तो तेव्हा उठून बाहेर गेला. रहेमानभाईचं कप भरणं आणि याचं उठणं माझ्या मनात एका जागी येऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कोणाला न सांगता शेतात गेलो. माझी विहीर बांधाच्या कडेला तशीच होती. वाकून बघितलं. तळाशी कोरडा दगड, कपारीत पिंपळाचं रोप, आणि पारव्यांची घरटी. माझी चाहूल लागली तसे पारवे फडफडत तोंडावरून वर गेले. मी मागे पडता पडता वाचलो.

मागून काठीचा आवाज आला. अक्का येत होती.

“हिचं पाणी कधी आटलं?” मी विचारलं.

“लागनंच नही, तं आटी कसं?”

“मग तो नारळ?”

“बजारमाईन लई धाडा.”

“आणि तांब्यातलं पाणी? मी ते देवावर शिंपडलं होतं!”

“तापीनं व्हतं. तापीमायनं पानी देवले चालस.”

मी विहिरीच्या काठावर बसलो. ती माझ्या शेजारी बसली, आणि बोरीच्या काट्यात अडकलेला पदर सोडवत सांगत राहिली. त्या साली माझी बायको गेली होती. मी दोन महिने काठी हातात धरली नव्हती, कोणाशी बोलत नव्हतो. बहिणीच्या हट्टाने उठलो आणि पहिली जागा दाखवली ती हिच्या शेतात. “मंग मी तुले सांगू का रे, कोरडी गई म्हनीसन? तू काठी टाकी देता. घरमाच बशी ऱ्हाता.”

तोवर प्रकाश आला. त्याने राहिलेलं सांगितलं. “मामा, आजी आईला उठता बसता बोलायची. भावाने खड्डा दाखवला म्हणायची. आपल्या गावात नळ आता आला. तोवर आई नदीवरून पाणी आणायची. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी आम्हा सगळ्यांना शपथ होती.”

“तू गप्प ऱ्हाय,” अक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “बठ्ठं व्हई गयं ते. आते ऊठ. बोअरनी जागा दाखाड. तू दाखाडशी तठेच गाडी उभी ऱ्हाई.”

माझ्या हातात काठी होती आणि समोर ही म्हातारी, जिने एका कोरड्या विहिरीपायी इतकी वर्षं डोक्यावर हंडा वाहिला. आता माझ्या शब्दावर ती दुसरीकडे भोक पाडायला तयार होती. घरात बोअर एकदाच होणार होता. प्रकाशने त्यासाठी बैलजोडी विकली होती.

मी प्रकाशला म्हटलं, “तुझा रुमाल माझ्या डोळ्यांवर बांध. गच्च बांध.”

पहिल्यांदा चाललो. मुंग्या आल्या, काठी झुकली. प्रकाशने चुना टाकला. मग त्याला म्हटलं, मला गरगर फिरव आणि पुन्हा सोड. पुन्हा मुंग्या आल्या, काठी झुकली. रुमाल वर करून बघितलं, तर पहिली खूण बावीस पावलं लांब. तिसऱ्यांदा गेलो तर काहीच होईना. पाय कोरडे, काठी सरळ. एवढ्यात अक्का ओरडली, “हयू चाल रे, काटा शेतस तठे!” आणि काठी अशी खाली ओढली गेली की मुठीची साल निघाली. रुमाल काढला. माझं तोंड बरोबर तिच्याकडे होतं.

मी यावर तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. मुंग्या खऱ्या होत्या. काठीही मी मुद्दाम फिरवली नाही, हे देवापुढे सांगेन. आपल्या आत आपल्याला न विचारता काम करणारं कोणीतरी आहे. कीर्तनात त्याला आत्मा म्हणतात, मास्तर लोक मन म्हणतात. ते जागं असतं, त्याला माया असते, भीती असते, आणि ते हात हलवू शकतं. कंडक्टरची कंबर त्यानेच सोडवली असेल, त्याची आणि माझी मिळून. पण त्याला जमिनीखालचा दगड दिसतो, हे मी चाळीस वर्षं धरून चाललो. ते कधी तपासलं नाही. अक्काने हेच थोडक्यात सांगितलं: “तुले जमीन समजस आसं तू म्हनस. जमीनले तू समजस का?”

मी काठी प्रकाशच्या हातात दिली. “सरकारी पाणीवाल्या साहेबाला बोलव. त्याचं यंत्र सांगेल तिथे गाडी लाव.”

अक्का चिडली. “मना भाऊवर मना इस्वास शे!”

“माझा नाही,” मी म्हटलं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढली, पण ताट आपटून.

दोन दिवसांनी साहेब आला. मिशी नुकती फुटलेला. पेटी, वायरी आणि लोखंडी खुंट्या घेऊन तो रानभर फिरला. मी त्याच्या मागे मागे फिरलो, तोंड शिवून. ते किती अवघड गेलं हे मलाच माहीत. त्याने दाखवलेली जागा माझ्या दोन्ही खुणांपासून दूर, गोठ्यामागे निघाली. दुसऱ्या दिवशी गाडी लागली. आधी पांढरी धूळ उडाली, मग काळी. दुपारपर्यंत धूळच. अक्का पदर नाकाला लावून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती, की बघ, तुझं ऐकलं असतं तर. मग काळ्या धुळीचा चिखल झाला आणि भसकन पाणी वर आलं. प्रकाश त्याच्यात न्हाला. अक्काने ओंजळ भरून डोळ्यांना लावली, आणि तेव्हा माझ्याशी बोलली. म्हणाली, “जाय, नारय लई ये.”

मी दुकानातून नारळ आणला, तांब्या भरला आणि ते दोन्ही साहेबाच्या हातात दिलं. तो गोंधळला.

“आजोबा, हे कशाला?”

“रीत आहे. पाणी लागलं की द्यायचा.”

“आणि नाही लागलं तर?”

“तर देत नाहीत. म्हणून आमच्यासारख्याला कळत नाही.”

तो हसला. “आमचंही चुकतं हो. पण चुकलं की लोक ऑफिसात येऊन शिव्या देतात. आम्हाला लगेच कळतं.”

“नशीबवान आहात,” मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

माझ्या दोन चुन्याच्या खुणांखाली काय आहे ते कोणी बघितलेलं नाही. पाणी असेलही. एवढं मी म्हणणारच.

परत

अखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, त्यांना आणायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. आई-वडील गेल्यापासून अक्काला आणायला कोणी गेलं नव्हतं. मीही नाही. नारळ आला की नाही हे मी बघत राहिलो, बहीण आली नाही हे बघितलंच नाही. तिला म्हटलं, “चल, मी मुराळी.” ती म्हणाली, आता या वयात लोक हसतील. आणि बोलता बोलताच ट्रंक भरायला लागली.

येताना सरळ पॅसेंजरने आलो. तिने डबाभर बायकांना बिबडे वाटले आणि मी कोण, कुठला, पायाळू कसा, हे सगळ्यांना सांगितलं. मी हळूच विचारलं, “मी पायाळू, हे तरी खरं ना?”

“ते खरं शे. मी दारनी बाहेर उभी व्हतू. मायले लई तरास दिन्हा तू.”

घरी आल्यावर ती देवघरात गेली. माळ बघितली. वरची शेंडी कोणाची, तिने विचारलं नाही, तिला कळलं. मी स्टुलावर चढून ती सोडायला लागलो. तिने खालून माझं धोतर ओढलं. “ऱ्हाऊ दे रे. तठेच शोभस.”

अखाजीच्या सकाळी नवी घागर आणली. घागर भरायचं काम घरातल्या बायकांचं, पण त्या दिवशी मी कोणाला हात लावू दिला नाही. आमच्या विहिरीवर स्वतः गेलो, पोहरा सोडला आणि डोक्यावरून घागर आणली. पितरांच्या पूजेआधी पहिला तांब्या अक्काच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा तिला पाणी भरून दिलं. ती घटाघटा प्यायली, ओठ पुसले.

“कसं आहे?” मी विचारलं.

चैत्र संपलेला, विहीर तळाला गेलेली, पाणी मचूळ. गावात कोणालाही विचारा.

“गोड शे,” अक्का म्हणाली.